दातावरची आडवी धार

मे महिन्यात भोरच्या कॉलेजात चिटपाखरू नसतं. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेची किल्ली त्या सुट्टीत अम्रीन आतारकडे होती, ती फक्त विभागात सगळ्यांत धाकटी म्हणून. ती तासिका तत्त्वावर शिकवणारी. बाकीचे प्राध्यापक पेपर तपासायला पुण्याला गेलेले, आणि बरण्यांमधलं फॉर्मॅलिन आटलं की ते भरायला कुणीतरी मागं राहावं लागतंच.

हवालदार कोंडे दारात उभे राहिले तेव्हा तिच्या हातात बेडकाची बरणी होती.

"मोठे सर न्हाईत का?"

"पुण्याला गेलेत, पेपर तपासायला. काय काम होतं?"

कोंड्यांनी मागं वळून पाहिलं. फाटकापाशी उभ्या जीपचा ड्रायव्हर तंबाखू मळत होता. मग ते आत आले, टेबलावर वर्तमानपत्राची पुडी ठेवली आणि हलक्या हातानं उलगडली. आत जळून काळा पडलेला हाडाचा एक तुकडा होता. खालच्या जबड्याचा. त्यात दोन दाढा अजून घट्ट बसलेल्या.

अम्रीननं बरणी खाली ठेवली. ही उंबरवाडीची भानगड आहे हे तिला न सांगता कळलं, कारण दोन दिवस भोरच्या बाजारात दुसरं काही बोललंच जात नव्हतं.

उंबरवाडी वेल्ह्याच्या पुढं, डोंगराच्या कुशीत. तिथल्या ज्ञानूचा मुलगा स्वरूप, पहिलीत जाणारा, मागच्या श्रावणात गुरांमागं गेला तो परत आला नाही. ओढा धुंडाळला, धरणाचा काठ धुंडाळला. हाती लागली फक्त एक चप्पल. ज्ञानूच्या शेजारी चिमाजी नावाचा म्हातारा राहायचा. बायको वारल्यापासून एकटा, कुणाशी बोलणं नाही, आणि ज्ञानूशी तर बांधावरून उभं वैर. परवा त्याच्या गोठ्यामागच्या राखेच्या खड्ड्यात कुत्र्यानं उकरलं, आणि हा तुकडा वर आला.

"चिमाजी म्हणतो माकडाचं हाय," कोंडे म्हणाले. "पोलवरच्या तारंला चिकटून मेलं, मारुतीचं जनावर म्हणून म्या त्याला अग्नी दिला, असं म्हणतो. मग कुणाला सांगितलं का न्हाई, तर म्हणं, माज्याशी बोलतंय कोण? एका डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, लहान मुलाचं असू शकतं, पुण्याला धाडा."

"मग पाठवा ना."

"उद्या जाणारच हाय. पण तिकडनं उत्तर यायला महिना, दोन महिने. म्हाताऱ्याला वेल्ह्याच्या ठाण्यात बसवून ठेवलाय, कागदावर त्याच्याविरुद्ध काय न्हाई. आज संध्याकाळी सोडावा लागतोय. आन् भाईर सगळी वाडी येऊन बसलीया, मॅडम. सोडला की संपलाच तो. तुमी नुसतं एवढं सांगा, माणसाचं का जनावराचं?"

अम्रीननं तुकडा उचलला नाही. वाकून पाहिला. पुढची दाढ एका अंगानं फुटलेली. मागची शाबूत होती, पण झिजलेली, आणि जाळानं तिचा रंग शिशासारखा झालेला. उंचवटे बसके, गोलसर. विभागाच्या कपाटात कुत्र्याची कवटी होती, सशाची होती. माकडाची नव्हती. माणसाची होती ती मोठ्या माणसाची.

"मला येत नाही सांगता," ती म्हणाली. "असं नुसतं बघून नाही."

कोंड्यांचा चेहरा उतरला. पुडी बांधायला त्यांनी हात पुढं केला तेव्हा ती पटकन म्हणाली, "थांबा. याचं माप घेऊ द्याल?"

दातांची मापं घेणं हे तिच्या घरचंच काम होतं. तिचे वडील शब्बीर आतार बाजारपेठेत दातांच्या कवळ्या बनवायचे. दुकान म्हणजे एक अरुंद खोली. भिंतीवरच्या फळ्यांवर अख्ख्या तालुक्याचे जबडे प्लास्टरमध्ये उतरून बसलेले. अम्रीन त्याच खोलीत वाढली. शाळेतून आली की वडिलांच्या शेजारी बसून साच्यांचे कोपरे घासायची. पुढं एम.एस्सी.ला तिनं उंदरांच्या दातांवर प्रबंध लिहिला तेव्हा नातेवाइकांनी कपाळाला हात लावला होता. शब्बीर मात्र आल्यागेल्याला सांगायचे, "आमची पोरगी माझ्यापुढं गेली. मी माणसांच्याच तोंडात बघितलं, ती सगळ्या जनावरांच्या तोंडात बघते."

कोंडे पुडी घेऊन अम्रीनबरोबर दुकानात आले. शब्बीरनी चष्मा पुसला, तुकडा दिव्याखाली धरला, आणि दोन्ही दाढा वरून निरखल्या.

"अब्बा?"

"लेकराचं आहे, बेटा." ते म्हणाले. "सहा-सात वर्षांचं. या वयाच्या दाढा माझ्या हाताखालून किती गेल्यात."

दुकानाच्या दारात ड्रायव्हर उभा होता. अम्रीनला तो त्या क्षणी दिसलाही नाही. तिचं लक्ष वडिलांच्या बोटांकडं होतं. ती अजून तुकड्याच्या कडेवरून फिरत होती.

"तरी माप घ्या," ती म्हणाली.

"कशाला? मी सांगितलं ना."

"अब्बा, घ्या."

तिनं स्वतःच वाटीत मापाचा मसाला कालवला. गुलाबी लगदा दाढांवर दाबला. जळलेलं हाड खडूसारखं ठिसूळ असतं. ओढताना दाढ निघून आली असती तर पुरावा गेला असता, आणि कोंड्यांची नोकरीही. लगदा घट्ट झाला. शब्बीरनी अंगठा आणि तर्जनीनं कडा सोडवल्या, किंचित हलवलं, आणि माप अलगद सुटलं. हाड जसंच्या तसं राहिलं. कोंड्यांनी ते पुडीत गुंडाळलं.

"दिवस मावळायच्या आत फोन करा," एवढंच बोलून ते जीपमध्ये बसले.

मापात ओतलेलं प्लास्टर सुकेपर्यंत अम्रीन पंख्याखाली साचा धरून बसली होती. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. पुण्यात शिकत असताना तिच्या बाईंनी एक संकेतस्थळ दाखवलं होतं. परदेशातल्या एका विद्यापीठानं सस्तन प्राण्यांचे दात यंत्रानं मोजून, त्यांचे आकार जसेच्या तसे संगणकात उतरवून सगळ्या जगासाठी खुले ठेवले होते. नुसतं चित्र नव्हे. दाढ माऊसनं धरायची आणि हवी तशी फिरवायची. वरून, तिरपी, पाठीमागून. उजेड कुठल्या बाजूनं पडावा हेही आपण ठरवायचं. उंदरांसाठी तिनं ते रात्रंदिवस वापरलं होतं. माकडांचा विभाग तिनं कधी उघडूनसुद्धा पाहिला नव्हता.

एसटी स्टँडसमोर तिच्या चुलतभावाचं, झुल्फिकारचं सायबर कॅफे होतं. ती ओढणीत साचा गुंडाळून धावत तिथं पोचली.

"झुल्फीभाई, मला एक मशीन दे. सगळ्यांत चांगलं. आणि बाकीच्यांना जरा थांबव, नेट हळू होतं."

झुल्फिकारनं कारण विचारलं नाही. तिचा चेहरा पाहून त्यानं कोपऱ्यात पत्ते खेळत बसलेल्या दोघांना बाहेर काढलं. संकेतस्थळ उघडलं, पण दात दिसेनात. वेगळं सॉफ्टवेअर लागत होतं. ते उतरवून घेताना पडद्यावरची निळी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. झुल्फिकारनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं.

"लाईट जायची वेळ झाली, अम्रीन."

"माहीत आहे."

पट्टी भरली. तिनं आधी माणूस शोधला. लहान मुलाचा खालचा जबडा यादीत होता. राखाडी रंगाची दाढ पडद्यावर ओळीओळीनं उमटू लागली. अम्रीननं साचा मशीनशेजारी ठेवला आणि पडद्यावरचे उंचवटे मोजले. पाच. साच्यावरच्या मागच्या दाढेचे मोजले. ते पण पाच.

आकार तोच. गोलाईही जवळजवळ तीच. अब्बा बरोबर होते तर. आता कोंड्यांना फोन करायचा, तिकडं कुणीतरी त्या आईला सांगणार, आणि त्या म्हाताऱ्याचं पुढं काय होणार ते कोंड्यांनी सांगितलंच होतं. तिनं फोन हातात घेतला. मग परत ठेवला. माकड न बघता बोलायचं कसं?

तिनं यादीतून माकड निवडलं. आपल्याकडच्या लाल तोंडाच्या माकडाची जवळची जात होती. पडद्यावर जबड्याची कड उमटली, एक दाढ अर्धी उमटली, आणि लाईट गेली.

यूपीएस दोनदा ओरडून बंद पडला. पंखा थांबला. बाहेर स्टँडवरचा कंडक्टर गाडीचं नाव पुकारत होता, तेवढाच आवाज.

"कधी येईल?"

"आली तर संध्याकाळी." झुल्फिकार उठला. "थांब. पलीकडच्या मंडपवाल्याकडं जनरेटर आहे."

तो गेला आणि त्याच वेळी अम्रीनचा फोन वाजला. कोंडे होते. त्यांच्या मागं माणसांचा कल्ला ऐकू येत होता.

"मॅडम, हे काय केलंत तुमी? हितं सगळ्यांना कळलंय. भोरच्या दातवाल्यानं सांगितलं, लेकराचंच हाय. आमच्या ड्रायव्हरनं मोबाईलवरनं भावाला सांगितलं, भावानं वाडीला. ठाण्यावर दगड पडायला लागल्यात!"

अम्रीन फोन घेऊन दाराशी आली. "साहेब, माझं अजून झालेलं नाही. अब्बांनी नुसत्या डोळ्यांनी बघून सांगितलं. मला थोडा वेळ द्या."

"वेळ माज्या हातात न्हाई."

जनरेटर ढकलत आणला तो झुल्फिकारनं आणि मंडपवाल्यानं मिळून. दोरी ओढली, चालू होईना. पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा धूर ओकत तो सुरू झाला आणि कॅफेची काच थडथडायला लागली. मशीन पुन्हा उघडणं, नेट जोडणं, यादी, माकड. यावेळी दाढ पुरती उमटली.

पाचच उंचवटे होते याही दाढेला.

ती दाढेकडं बघत राहिली. वरून दोन्हींत फरक कळत नव्हता. मग तिला तिच्या बाईंची सवय आठवली. त्या दाढ कधीच वरून बघायच्या नाहीत, आडवी करायच्या. अम्रीननं माऊसनं दाढ कलती केली आणि उजेड एका कडेनं सोडला. सावल्या पडल्या. आणि सावल्यांमधून रचना वर आली. दोन उंचवट्यांची एक जोडी, त्यांना सांधणारी आडवी धार. मागं दुसरी जोडी, तिलाही तशीच धार. पाचवा उंचवटा सगळ्यांच्या मागं, एकटा, शेपटीसारखा. तिनं घाईनं मुलाची दाढ शेजारच्या खिडकीत उघडली आणि तिच्यावरही तसाच आडवा उजेड टाकला. तिथं धार नव्हती. पाच उंचवटे वाटीच्या काठावर बसल्यासारखे गोल बसले होते आणि मध्ये नुसत्या वाकड्यातिकड्या चिरा.

"बॅटरी आहे का रे, हातातली?"

झुल्फिकारनं टॉर्च दिली. तिनं साचा टेबलाच्या कडेला ठेवला आणि टॉर्च अगदी आडवी धरली. झिजली होती, पण धार होती. एक इथं, एक तिथं. आणि मागं ती शेपटी. तिनं साचा फिरवून पुन्हा पाहिला, डोळे मिटून पुन्हा उघडले, नखानं चाचपून पाहिला. नख दोन्ही ठिकाणी अडलं.

"माकड," ती म्हणाली. जनरेटरच्या आवाजात ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

फोनवर कोंडे म्हणाले, "माजं कुणी ऐकणार न्हाई. दातवाल्याचं नाव घेत्यात सगळे. तुमी हितं या."

दोन्ही दाढांची चित्रं कागदावर छापून घेऊन ती दुकानात आली तेव्हा शब्बीर दार लावून आत बसले होते. बाजारातून त्यांच्या कानावर सगळं आलं होतं. तिनं काही न बोलता साचा त्यांच्यापुढं ठेवला आणि आडवी टॉर्च धरली. त्यांनी पाहिलं. फळीवरून एका मुलाचा साचा काढला, तोही उजेडात धरला. मग दोन्ही साचे पिशवीत टाकून ते चपला शोधायला लागले.

"अब्बा, तुम्ही नका येऊ. तिथं लोक चिडलेत."

"त्यांनी माझ्या तोंडचं ऐकलंय," शब्बीर म्हणाले. "चुकलं हेपण माझ्याच तोंडून ऐकू देत."

झुल्फिकारनं कुणाची तरी व्हॅन मागून आणली. व्हॅन नसरापूरवरून वेल्ह्याकडं वळली. रस्त्यावर ठाण्याकडं निघालेला एक टेम्पो माणसांनी भरून पुढं चालला होता. त्यातल्या काहींच्या हातात काठ्या होत्या. झुल्फिकारला तो ओलांडता येईना. अम्रीननं मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, प्लास्टरला टवका उडू नये म्हणून.

ठाण्यासमोर गर्दी होती. काही बाया जमिनीवर बसलेल्या, पुरुष उभे. खिडकीची काच फुटलेली. व्हॅन थांबताच कुणीतरी ओरडलं, "दातवाला आला!" आणि लोकांनी वाट करून दिली. ती वाट इतकी आदरानं दिली गेली की अम्रीननं पिशवी आणखी घट्ट धरली. साक्षीदार आला असं त्यांना वाटत होतं.

कोंडे दोघांना पायरीवर घेऊन गेले. शब्बीरनी टोपी सरळ केली.

"सकाळी मी म्हणालो, हाड लेकराचं आहे," ते मोठ्यानं म्हणाले. "मी चुकलो. हाड माकडाचं आहे."

मग एकदम गलका उठला. "पैसं चारलं म्हाताऱ्यानं!" "पोलिसांनी फिरवला!" "पोरगी शिकवून आणलीया!" एक ढेकूळ येऊन शब्बीरच्या खांद्यावर फुटलं. कोंडे काठी घेऊन पुढं झाले. अम्रीन वडिलांच्या पुढं उभी राहिली आणि गर्दीत तिनं अशा माणसाला शोधलं जो ओरडत नव्हता. एकच होता. दाढी वाढलेला, सदऱ्याची बटणं तुटलेली. लोक त्याला मध्ये धरून उभे होते.

"स्वरूपचे वडील तुम्हीच ना?" ती म्हणाली. "या इकडं. तुम्ही स्वतः बघा. बाकी कुणी नको."

ज्ञानू जागचा हलला नाही. त्याच्या पायाशी बसलेली बाई उठली आणि ती पुढं आली. ती स्वरूपची आई, सगुणा. तिच्यामागं मग ज्ञानूही आला.

अम्रीननं दोन्ही साचे पायरीवर ठेवले. "हा एका मुलाचा, तुमच्या स्वरूपच्याच वयाच्या. आणि हा त्या हाडाचा. अंगठा ठेवा. आधी याच्यावर."

ज्ञानूनं अंगठा ठेवला.

"काही आडवं लागतं?"

"न्हाई."

"आता याच्यावर."

त्यानं दुसऱ्या साच्यावर अंगठा फिरवला. थांबला. परत फिरवला.

"अडतंय," तो म्हणाला.

"ती धार माणसाच्या दाढेला नसते. माकडाला असते. ही बघा, दोन्हींची चित्रं." तिनं कागद पुढं केले. ज्ञानूनं ते घेतले नाहीत. सगुणानं घेतले, आणि त्यांच्याकडं न बघता साच्यावर बोट ठेवलं. खूप वेळ ठेवलं.

"ह्यो माजा न्हाई," सगुणा शेवटी म्हणाली.

कुणीतरी मागून काहीतरी बोललं. ती गर्रकन वळली. "म्या सांगतीया न्हवं! ह्यो माजा न्हाई. जावा घरला समदे."

लोक लगेच गेले नाहीत. पण त्यांची उभी राहण्याची तऱ्हा बदलली. एकानं बिडी पेटवली. टेम्पोवाल्यानं गाडी वळवून घेतली. सगुणा मात्र पायरीपाशीच होती. कागदांची सुरळी छातीशी धरून तिनं अम्रीनकडं पाहिलं.

"मंग माजं लेकरू कुठं हाय, बाई?"

दुपारपासून अम्रीन फक्त एका गोष्टीची भीक मागत होती, हे हाड त्या मुलाचं नसू दे. ते नव्हतं, आणि समोर उभ्या बाईला सकाळी जे दुःख मिळालं होतं, रडायला जे हाड मिळालं होतं, तेही आता तिच्याकडं उरलं नव्हतं. ती सगुणाचा हात धरायला पुढं झाली. सगुणानं हात मागं घेतला नाही, पण दिलाही नाही.

चिमाजीला त्या दिवशी पोलिसांनीच सारोळ्याला, त्याच्या बहिणीकडं पोचवलं. जीपमध्ये बसताना त्यानं शब्बीरना विचारलं, "दात कसं काय बोललं तुमाशी?" शब्बीर म्हणाले, "माझ्याशी नाही बोलले. पोरीशी बोलले." म्हातारा पुन्हा उंबरवाडीत राहायला आला नाही. पुण्याहून अहवाल आला तो पावसाळा निम्मा सरल्यावर, त्यातही माकडच होतं. तोवर त्याचा गोठा कुणीतरी जाळला होता आणि कुणी जाळला ते कुणालाच माहीत नव्हतं. स्वरूपचा पत्ता लागला नाही. आजतागायत लागलेला नाही.

अम्रीनचं नाव काही दिवस तालुक्यात झालं. मोठ्या सरांनी, विभागाला न विचारता पोलिसांच्या कामात पडल्याबद्दल तिची कानउघाडणी केली. पुढच्या वर्षीही ती तासिका तत्त्वावरच राहिली. शब्बीरनी मात्र त्यानंतर दाढ कधी वरून बघितली नाही. दिव्याची मान वाकवून आडव्या उजेडातच बघायचे आणि गिऱ्हाईक कंटाळलं तरी सोडायचे नाहीत.

दिवाळीनंतर एका बाजाराच्या दिवशी सगुणा कॉलेजात आली. बरोबर मोठी मुलगी शेफाली होती. सगुणा दारातच थांबली.

"त्या दिशी तुमी मशीनवर बघितलं, ते मला दावता का?"

अम्रीन तिला झुल्फिकारच्या कॅफेत घेऊन गेली. तिला वाटलं, माकडाची दाढ बघायची असेल. अजून मनात शंका असेल. तिनं ती उघडली. सगुणानं मान हलवली.

"ही नगं. लेकराची."

मुलाचा जबडा पडद्यावर उमटला. अम्रीननं सगुणाचा हात माऊसवर ठेवला आणि वर आपला हात ठेवून दाढ फिरवून दाखवली. मग हात काढून घेतला. सगुणा एकटीच फिरवत राहिली, हळूहळू, अगदी कडेपर्यंत आणि परत. शेफालीनं आईच्या खांद्यावर हनुवटी टेकली.

"ह्या लेकराचं नाव काय?" सगुणानं विचारलं.

"नाव नाही दिलेलं. फक्त नंबर आहे."

"आई असंल की याची."

"असेल."

सगुणानं आणखी थोडा वेळ पाहिलं. बाहेर वेल्ह्याची एसटी लागल्याचा पुकारा झाला. तिनं माऊसवरचा हात काढला, पदरानं पुसला, आणि शेफालीला म्हणाली, "चल, जागा धर." दारापर्यंत जाऊन ती वळली. "ते असंच राहू द्या थोडा येळ. लगीच बंद करू नका."

अम्रीननं मान डोलावली. गाडी सुटून स्टँडबाहेर वळेपर्यंत ती त्या खुर्चीपाशी उभी होती, आणि पडद्यावर ती दाढ तशीच, एका अंगावर कललेली.